काठावरचं गोणपाट

पावसाने सलग दगा दिला आणि गावचं तळं आटत आटत डबक्यावर आलं. त्या डबक्यात दोरवाल्याचा ताग भिजत पडला होता. ताग भिजवायचा हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण किती भिजवायचा हे पाणी ठरवतं. खोल, गार पाण्यात तो सावकाश मऊ होतो, साल काडीपासून सुटते आणि सुटली की लगेच काढून धुवायची. उथळ पाणी उन्हाने तापतं, आणि तापलेल्या पाण्यात ताग बघता बघता सडतो.

म्हणून दोरवाल्याची सून रोज तळ्यावर जाऊन एक काडी मोडून बघायची. त्या दिवशी ती भराभरा चालत परत आली.

"बाबा, ताग झालाय. आजच काढायला हवा."

दोरवाला दारात उभा राहून शर्टाची बटणं लावत होता. चर्चमध्ये पवित्रतेचा आठवडा चालू होता. आठवडाभर उपास, सकाळ-संध्याकाळ प्रार्थना, आणि ज्याने त्याने आपलं आयुष्य तपासायचं, असं पाळकांनी सांगितलं होतं.

"आज नाही. आठवडा संपू दे."

"सडेल."

"देवाचं काम आधी. ताग काय कुठे पळून जातोय?"

"पळून नाही जाणार. तिथल्या तिथे सडेल," सून म्हणाली. पण सासरा तोवर फाटकाबाहेर पडला होता.

वस्तीत त्याला पवित्रकाका म्हणत. तोंडावर आदराने म्हणत, पाठीमागे जरा वेगळ्या सुरात. दारूला त्याने कधी हात लावला नव्हता, शिवी कधी जिभेवर येऊ दिली नव्हती. रविवारी तो तुटलेल्या चपलेचा पट्टासुद्धा शिवत नसे, अनवाणी चर्चला जाई आणि सगळ्यांना दिसेल असा पुढच्या बाकावर बसे. कोणी मोठ्याने हसलं तर तो अशा नजरेने बघे, की हसणाऱ्याला आपले दात जरा जास्तच आहेत असं वाटू लागे. बायको गेल्यापासून आणि मुलगा बांधकामाच्या कामावर दूर गेल्यापासून घरात तो आणि सून दोघंच. सून चाक फिरवायची, तो दोर वळायचा, आणि बोलण्यासारखं फार काही नसायचं.

आठवड्याच्या शेवटच्या दिवशी तो उभा राहिला आणि सगळ्या मंडळीसमोर बोलला. चर्चच्या आवारातली विहीर गाळाने भरली आहे, वस्तीची तहान तिच्यावर आहे, गाळ काढायला उतरणाऱ्या माणसासाठी नवा जाड दोर मी प्रभूला अर्पण करतो. सगळे एका आवाजात आमेन म्हणाले. घरी येताना त्याला आपलं अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं.

ताग काढला तर निम्मा काळा पडलेला. जुडी सोडली की वास यायचा, आणि धागा चिमटीत धरून ओढला की आवाज न करता तुटायचा.

"ही जुडी चुलीत घालायच्या लायकीची आहे, बाबा."

"मध्ये जाईल. बाहेरून चांगला ताग गुंडाळला की झालं."

"माणूस उतरणार आहे त्या दोरावर."

"चाक फिरव."

घरात चांगला ताग नव्हता असं नाही. पण तो गाडीवानांच्या दोरांसाठी ठेवलेला. गाडीवान दोर विकत घेताना टोक उसवून आत बघतात. देव काही उसवून बघत नाही, असं दोरवाला मनातसुद्धा म्हणाला नव्हता. वागला मात्र तसंच.

सुनेने चाक फिरवायला घेतलं. तागाच्या मोकळ्या धाग्यांचा पेळू कमरेला बांधून दोरवाला एकेक पाऊल मागे सरकू लागला, आणि बोटांतून पेड निघू लागले. दोर वळणारा माणूस आयुष्यभर मागे मागे चालतो. कुठे जातो ते त्याला दिसत नाही, काय करून ठेवलं ते सगळं समोर दिसतं. काळे पेड आत गेले, त्यांच्यावर सोनेरी पेड चढले, पीळ घट्ट बसला. शेवटी त्याने ओल्या फडक्याने दोर पुसला तेव्हा तो इतका देखणा दिसला, की त्याचं त्यालाच आपण काय केलंय ते क्षणभर आठवेना.

रविवारी दोर वेदीपुढे ठेवला. पाळकांनी त्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मग बेडूकराव पुढे आला. विहिरींत उतरून गाळ काढणं हा त्याचा धंदा, म्हणून हे नाव. आणि त्याला ते इतकं आवडायचं की खऱ्या नावाने हाक मारली तर तो वळूनही बघत नसे. त्याने दोरावरून हात फिरवला.

"काका, असल्या दोरावर खाली गेलो तर वर यावंसंच वाटणार नाही. बायकोची आठवणसुद्धा येणार नाही."

त्याच्या बायकोने त्याच्या पाठीत धपाटा घातला. पुढच्या बाकावरून पवित्रकाकांनी दोघांकडे ती नजर टाकली.

दोर तुटला तो कामाच्या पहिल्याच सकाळी. बेडूकराव निम्म्यावर पोचला असेल, वर दोर धरून उभे असलेले गडी एकदम पाठीवर पडले, हातात सैल दोर. मग खालून आवाज आला. आधी गाळात काहीतरी जड पडल्याचा, आणि बऱ्याच वेळाने माणसाचा.

दुसऱ्या दोराने त्याला वर काढलं, तुटलेल्या दोराचा खालचा तुकडा गाळातच राहिला. मांडीचं हाड मोडलं होतं. सगळे त्याच्याभोवती होते तेव्हा दोरवाला विहिरीच्या काठाशी गेला. तुटलेल्या टोकातून काळा भुगा गळत होता. त्याने खिशातला चाकू काढला, ते टोक कापलं आणि शर्टाच्या आत घातलं. घरी येऊन चुलीत टाकलं. सून चुलीपुढेच बसली होती. धुराचा वास आला तशी तिने मान वर केली, सासऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

काठावर गोणपाट नव्हतं, हे कोणाच्या तरी लक्षात आलं. दोर दगडी काठावर घासू नये म्हणून त्याच्याखाली गोणपाटाची घडी घालावी लागते. बेडूकराव ती स्वतःच घालायचा, दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. त्या सकाळी त्याने ती घातली की नाही हे कोणीच पाहिलं नव्हतं. काठ उघडा होता. बोलायला तेवढं पुरलं. घडी घालायला विसरला, दगडाने दोर कापला, हा निकाल संध्याकाळपर्यंत वस्तीभर झाला.

हाड जुळलं, पण तिरकं जुळलं. कुबडी आली. विहिरीत उतरणं संपलं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी, भाकर मोडण्याआधी, पाळकांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर आत्ताच मोकळं करा. सहसा अशा वेळी सगळे आपापल्या पायांकडे बघतात. त्या दिवशी कुबडीचा आवाज झाला.

"माझ्या मनात आहे," बेडूकराव म्हणाला. त्याच्या तोंडावर नेहमीचं हसू नव्हतं. "मला सारखं वाटतं की मी गोणपाट घातलं होतं. दोन्ही हातांनी घातल्याचं आठवतं. पण काठावर ते नव्हतं. म्हणजे माझी आठवण खोटी, आणि मी हलगर्जी. माझा पाय गेला तो गेला. पण देवाला दिलेला दोर माझ्यामुळे तुटला, काकांच्या अर्पणाला बट्टा लागला." तो पुढच्या बाकाकडे वळला. "काका, मला क्षमा करा."

सगळ्यांच्या नजरा दोरवाल्याकडे वळल्या. आत्ता बोलावं, असं त्याला वाटलं, खरंच वाटलं. पण तोंड इतकी वर्षं ज्या वळणाने चालत आलं होतं त्याच वळणाने गेलं.

"क्षमा केली," तो म्हणाला.

काही बायका रडल्या. भाकरीचा तुकडा त्याच्या तळहातावर आला. त्याने तोंडात घातला, आणि तो गिळला जाईना. उपासना संपली, लोक बाहेर पडले, तरी तो तसाच जिभेवर होता.

घरी जाताना सून पुढे चालत होती. फाटकाशी ती थांबली.

"तुम्ही त्याला क्षमा केलीत, बाबा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात आला तर चाकापाशी कोणी नव्हतं. सून ओट्यावर भांडी घासत होती.

"चाकावर ये."

"नाही येणार."

"का?"

"मलाही माहीत होतं. मीही फिरवलं चाक. आता माझे हात तिकडे जात नाहीत."

चाक फिरवायला कोणी नसलं की दोरवाल्याला काही करता येत नाही. ताग कमरेला बांधून तो अंगणात तसाच उभा राहिला. ऊन चढलं. नेमाप्रमाणे प्रार्थना करायला त्याने तोंड उघडलं, आणि आपण इतकी वर्षं देवाला काय काय केलं नाही याचीच यादी ऐकवत आलो हे त्याच्या ध्यानात आलं. प्यालो नाही, शिवी दिली नाही, रविवारी काम केलं नाही. ऐकणारा सगळं ऐकून घेत होता आणि त्याच्या कमरेच्या तागाकडे बघत होता. देव उसवून बघतो. तो बाहेरून बघतच नाही. चाकाचा आधार घेऊन तो खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. सुनेने भांडी घासणं थांबवलं नाही, पण आवाज कमी केला.

मग तो उठला, कमरेचा ताग सोडला आणि बेडूकरावाच्या घरी गेला.

बेडूकराव दारात बसून कुबडीच्या टोकाला रबर बसवत होता. "या काका! ही बघा माझी नवी बायको. हीसुद्धा सोडत नाही."

दोरवाला बसला नाही. उभ्यानेच सांगितलं. ताग सडला तो, आत घातला तो, टोक कापून जाळलं ते. आतून बेडूकरावाची बायको बाहेर आली होती. हात ओले, कोपरापर्यंत साबण.

"हा झोपेतून उठून मला विचारतो," ती म्हणाली. "मी घडी घातली होती ना गं, मला वेड तर नाही ना लागलं, असं विचारतो. आणि तुम्ही त्याला क्षमा केलीत? सगळ्यांसमोर?"



बेडूकराव बराच वेळ रबराशी खटपट करत राहिला. "दोर कच्चा होता," तो सावकाश म्हणाला. "ठीक. पण काठ उघडाच होता, काका. घडी असती तर कदाचित टिकलाही असता. निम्मी चूक तुमची, निम्मी माझी."

"नाही रे."

"का नाही? काठावर नव्हतं ते नव्हतंच."

आणि खरं सांगायचं तर दोरवाल्याला त्या निम्म्याने बरं वाटलं. पापात कोणी वाटेकरी निघाला की केवढं हलकं वाटतं! पुढच्या रविवारी त्याने मंडळीसमोर कबूल केलं तेव्हा लोकांनीही तेच धरलं. दोघांचंही चुकलं म्हणाले. असं म्हटलं की कोणाकडेच फार वेळ बघावं लागत नाही.

तो पुन्हा पुढच्या बाकावर बसायला गेला नाही. उपासनेनंतर पाळकांनी त्याला दाराशी गाठलं.

"रडून झालं?"

"झालं."

"मग आता दोर वळा. विहीर अजून तशीच आहे."

"आणि पहिल्यांदा तुम्ही उतरा त्याच्यावर," मागून बेडूकरावाची बायको म्हणाली. पाळक तिला गप्प करणार होते, पण दोरवाल्याने मान हलवली.

गाडीवानांसाठी ठेवलेला ताग त्याने बाहेर काढला. सून चाकावर येऊन बसली. या वेळी फाटक सताड उघडं होतं. येणारा-जाणारा आत डोकावायचा, पेड हातात घेऊन ओढून बघायचा, वास घ्यायचा. एकाने तर चावून बघितला. दोरवाल्याने कोणाला अडवलं नाही. मध्येच त्याला एक पेड सैल वाटला, तसा तो थांबला आणि सकाळपासून वळलेलं सगळं उसवलं. सुनेने चाक उलटं फिरवलं.

"हात दुखत असतील," तो म्हणाला. इतक्या वर्षांत त्याने हे तिला कधी विचारलं नव्हतं.

"दुखतात," ती म्हणाली. "वळा तुम्ही."

उतरायचा दिवस आला. विहिरीभोवती वस्ती जमली होती. गडी ओळीने दोर धरून उभे राहिले, आणि सगळ्यांत पुढे, काठाला खेटून, बेडूकराव. मोडका पाय लांब करून तो जमिनीवर बसला होता, दोर आधी त्याच्या हातांतून जाणार होता. त्याने नवं गोणपाट घेतलं, घडी केली आणि काठावर ठेवली.

"गोणपाट घातलं!" तो ओरडला. "बघून घ्या रे सगळ्यांनी! नंतर म्हणाल विसरला!"

लोक हसले. दोरवाल्याने त्याच्याकडे बघितलं. हसताना बेडूकरावाचे हात घडीवरून पुन्हा पुन्हा फिरत होते, ती खरोखरच तिथे आहे ना याची खात्री करत.

दोर काखेखालून बांधून दोरवाला काठावरून खाली सरकला. आयुष्यभर दोर वळले, पण दोराला लटकायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. पाय कशालाच लागत नव्हते. भिंतीचे ओले दगड नाकासमोरून वर जात होते. त्याने वर पाहिलं. विहिरीचं तोंड एक पांढरं वर्तुळ झालं होतं, आणि त्या उजेडातून त्याच्या छातीपर्यंत एकच रेघ आलेली होती. तिचं दुसरं टोक त्याने ज्याचा पाय घेतला त्या माणसाच्या हातात होतं. दोर जराही हिसकत नव्हता. इतक्या हळुवार आपल्याला आईनेही खाली ठेवलं नसेल, असं दोरवाल्याला वाटलं.

तळाशी गुडघाभर गाळ होता. तो फावड्याने टोपल्या भरू लागला, टोपल्या वर जाऊ लागल्या. पाठ भरून आली, तोंडात चिखल गेला. एका कोपऱ्यात फावडं खाली गेलं आणि घोट्याला गार लागलं. झरा मोकळा झाला होता. पाणी हळूहळू, कसलीही घाई नसल्यासारखं, गाळात पसरू लागलं.

त्याच कोपऱ्यात फावड्याला काहीतरी अडकलं. त्याने हाताने ओढून काढलं. चिखलाने थबथबलेली जाड घडी. गोणपाटाची. वरच्या बाजूला मधोमध दोराची खोल खाच पडली होती, आणि कोपरा निळ्या दोऱ्याने शिवलेला होता.

दोरवाला ती हातात धरून उभा राहिला. बेडूकरावाने घडी घातली होती. दोर तुटला, टोक सुटलं, आणि घडीही त्याच्याबरोबर खाली आली होती. बेडूकराव काहीच विसरला नव्हता. निम्मी त्याची नव्हती. निम्मी कोणाचीच नव्हती.

घडी त्याच्या हातातून सुटली की त्याने सोडली, हे त्याला नंतरही कधी सांगता आलं नाही. ती पुन्हा गाळात पडली आणि त्याचा पाय तिच्यावर पडला.

"काका!" वरून बेडूकरावाचा आवाज आला. "थांबलात का? काय झालं?"

"काही नाही!" दोरवाला ओरडला.

भिंतींनी तो शब्द घुमवला आणि त्याच्याच कानांत आणून टाकला. काही नाही. किती सहज आला तो! रडून झालं होतं, कबूल करून झालं होतं, मंडळीसमोर मान खाली घालून झाली होती, आणि आत अजून काळा पेड तसाच होता. पाणी पिंढरीपर्यंत चढलं होतं. आणखी थोडा वेळ उभं राहिलं की पुरे, पुढचं काम पाणीच करणार होतं. ज्या पाण्यासाठी सगळ्यांनी एवढी प्रार्थना केली, तेच सगळं झाकून टाकणार होतं.

त्याने वर पाहिलं. वर्तुळाच्या कडेला एक डोकं दिसत होतं, वाकून खाली बघणारं. त्या डोक्याला काहीच माहीत नव्हतं, तरी दोर ताणूनच धरला होता. दोरवाल्याला भीती वाटली. विहिरीची नाही. त्या डोक्याच्याही वरून आपल्याला कोणीतरी धरून ठेवलंय आणि आपण आत काय आहोत हे ठाऊक असूनही सोडत नाही, याची भीती. असली भीती त्याला पुढच्या बाकावर बसून कधी वाटली नव्हती. प्रभू येशू, तो पुटपुटला, उसव मला. आणि त्याने चिखलात कोपरापर्यंत हात घातले.

"खोटं बोललो!" तो वर ओरडला. "सापडलंय काहीतरी! ओढा मला!"

वर आला तेव्हा त्याच्या अंगावरचा चिखल आणि छातीशी धरलेलं गोणपाट वेगळं ओळखू येत नव्हतं. काठावरून पाय बाहेर घेताच तो बेडूकरावासमोर बसला आणि घडी त्याच्या मांडीवर ठेवली.

"तू घातलं होतंस," तो म्हणाला. "खाली होतं. मी पायाखाली दाबणार होतो, आत्ता. निम्मं नाही रे. सगळं माझं."

बेडूकरावाची बायको पुढे आली. तिने कोपरा पाण्याने धुतला. निळा दोरा दिसला. "माझी शिवण," ती म्हणाली, आणि तिथेच खाली बसली.

बेडूकरावाने दोराच्या खाचेत बोट घातलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवलं.

"घातलं होतं," शेवटी तो म्हणाला. "मी घातलं होतं गं. दोन्ही हातांनी." आणि मोडका पाय धरून हसू लागला, रडू लागला, काय ते कळेना.

दोरवाला मान खाली घालून बसला होता. आता जे येईल ते येवो. शिवी आली असती तर त्याला बरं वाटलं असतं. पण त्याने ऐकला तो कुबडीचा आवाज. बेडूकराव काठाकडे सरकला होता. ते जुनं गोणपाट, तसंच चिखलाचं, त्याने नव्या घडीवर पसरून ठेवलं, हाताने दाबलं, आणि दोर उचलून त्यावर बसवला.

"गाळ अजून आहे, काका," तो म्हणाला. त्याने दोराचा वेढा हाताभोवती घेतला. "पाणी चढायच्या आत उतरा. मी धरलंय."

दोरवाला उठला. सुनेने येऊन त्याच्या काखेखालची गाठ तपासली, घट्ट केली, आणि तो पुन्हा काठावरून खाली सरकला.